पुराव्याकडून उपचाराकडे : मुंबईतील ‘दिलासा’ केंद्रांची वाटचाल

वांद्रे (पश्चिम) येथील खुरशेदजी बेहरामजी भाभा रुग्णालयात २०००-०१ या काळात ‘दिलासा’ नावाचा जो विभाग सुरू झाला, तो सार्वजनिक रुग्णालयाच्या आत, त्याच रुग्णालयाचे एक अंग म्हणून चालणारे भारतातील पहिले संकटसाहाय्य केंद्र मानला जातो. बृहन्मुंबई महानगरपालिकेचा सार्वजनिक आरोग्य विभाग आणि ‘सेहत’ ही आरोग्यविषयक संशोधन करणारी संस्था यांनी मिळून तो उभारला. घरातील मारहाण सोसणाऱ्या स्त्रियांना रुग्णालयातच मदत मिळावी, हा त्यामागचा मूळ हेतू होता. लैंगिक अत्याचार झालेल्या मुलींचे आणि मुलांचे उपचार व पुनर्वसन हे काम पुढे, साधारण आठ वर्षांनी, व्यवस्थित रूपात त्याला जोडले गेले. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या कामाचा इतिहास मुख्यतः मांडला आहे, कारण पहिल्या कामाविषयी बरेच लिहिले गेले असून दुसऱ्याविषयी मराठीत फार थोडे लिहिले गेले आहे.

या इतिहासाची मुळे मुंबईत नसून विदर्भात सापडतात. २६ मार्च १९७२ रोजी तेव्हाच्या चंद्रपूर आणि आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. तो खटला पुढे त्या मुलीच्याच नावाने देशभर ओळखला गेला. अत्याचारग्रस्त व्यक्तीची ओळख उघड करू नये असा आजचा दंडक असल्याने येथे ते नाव घेतलेले नाही. वैद्यकीय अंदाजानुसार तिचे वय चौदा ते सोळा वर्षांच्या दरम्यान होते. डॉक्टरांच्या तपासणीत अंगावर इजा आढळली नाही, आणि योनिपटलाच्या जुन्या फाटींची नोंद मात्र झाली. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये आरोपींना सोडताना ती शरीरसंबंधाला सरावलेली असल्याचे म्हटले, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये हा निकाल फिरवून शिक्षा दिली, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये ती शिक्षा पुन्हा रद्द केली. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सप्टेंबर १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिल्यावर देशभर आंदोलन उभे राहिले, १९८० मध्ये मुंबईत बलात्कारविरोधी मंच स्थापन झाला, आणि १९८३ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन पोलीस किंवा तत्सम अधिकाऱ्याच्या ताब्यात असलेल्या स्त्रीच्या बाबतीत संमती नव्हती असे गृहीत धरण्याची तरतूद आली.

या आंदोलनाचे श्रेय कोणी नाकारत नाही. त्यातून एक गोष्ट मात्र राहून गेली, ती अशी की न्यायालयाने आपला निष्कर्ष ज्या वैद्यकीय कागदावर उभारला होता, त्या कागदाकडे आणि तो ज्या खोलीत लिहिला जातो त्या खोलीकडे बराच काळ कोणाचे पुरेसे लक्ष गेले नाही. कायदा बदलला तरी रुग्णालयातील अपघात विभागाचा छापील नमुना तोच राहिला.

हा नमुना समजून घेतल्याशिवाय पुढील कामाचे मोल ध्यानात येत नाही. ज्या जखमेमागे गुन्हा असण्याची शक्यता असते, तिची नोंद रुग्णालयात ‘एमएलसी’, म्हणजे वैद्यकीय-न्यायिक प्रकरण, अशी केली जाते, आणि असे प्रकरण पोलिसांमार्फत आले तरच हात लावायचा, असा संकेत बहुतेक रुग्णालयांत रूढ होता. मुलगी आईसोबत थेट आली तर तिला आधी पोलीस ठाण्यात पाठवले जाई, तेथून ती हवालदारासह परत येई. मग पुरुष डॉक्टर असेल तर स्त्री डॉक्टरची वाट पाहणे, ती नसेल तर दुसऱ्या रुग्णालयात रवानगी, असे तास निघून जात. सर्वोच्च न्यायालयाने मे २००० मध्ये कर्नाटकातील एका खटल्यात, पोलिसांचे पत्र नाही म्हणून तपासणी नाकारणाऱ्या रुग्णालयाच्या वर्तनाबद्दल नापसंती नोंदवली होती. तरीही व्यवहारात फारसा फरक पडला नाही. प्रत्यक्ष तपासणीत मुलीची उंची, वजन, बांधा, योनिपटलाची अवस्था आणि ‘दोन बोटांची चाचणी’ यांना महत्त्व दिले जाई. या चाचणीत डॉक्टर योनीत बोटे घालून तिची सैलता अजमावत आणि त्यावरून मुलगी शरीरसंबंधाला सरावलेली आहे की नाही याचे मत लिहीत. अशा मताला कोणताही शास्त्रीय आधार नाही. तक्रारदार स्त्री सर्वसाधारणपणे अनैतिक चारित्र्याची आहे असे दाखवून तिची साक्ष खोडण्याची मुभा देणारे भारतीय पुरावा कायद्यातील कलम २००३ मध्ये वगळले गेले, पण त्या कलमाने जे साधायचे ते डॉक्टरच्या एका ओळीतून पुढेही साधत राहिले. उपचार मात्र या सगळ्यात कुठेच नव्हते. गर्भधारणा टाळण्याची गोळी, संसर्ग रोखणारी औषधे, झोप उडालेल्या मुलीशी दोन शब्द बोलणे यांपैकी कशासाठीही नमुन्यात रकाना नव्हता.

‘सेहत’चे काम येथून सुरू होते. १९९१ मध्ये स्थापन झालेल्या ‘अनुसंधान ट्रस्ट’ने १९९४ मध्ये ही संशोधनसंस्था सुरू केली. अमर जेसानी, रवी दुग्गल, मनीषा गुप्ते यांच्यासारखे आरोग्यचळवळीत वाढलेले कार्यकर्ते तिच्याशी जोडलेले होते, आणि आरोग्यसेवा हा हक्क आहे ही तिची भूमिका पहिल्यापासून होती. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात संस्थेने लैंगिक अत्याचारानंतरच्या वैद्यकीय तपासणीसाठी एक मार्गदर्शक पुस्तिका आणि पुरावा गोळा करण्याचा संच तयार केला. कापसाच्या काड्या, काचपट्ट्या, पाकिटे, सूचना आणि नोंदीचा नमुना एकाच खोक्यात ठेवला, तर रात्रपाळीच्या डॉक्टरला कपाटे धुंडाळावी लागणार नाहीत, असा साधा विचार त्यात होता. पण संचाने तपासणी सुधारते, डॉक्टरची नजर सुधारत नाही, हे पुढे लवकरच कळून आले.

दरम्यान ‘दिलासा’ सुरू झाले. मलेशियातील क्वालालंपूरच्या सरकारी रुग्णालयात १९९० च्या दशकात उभ्या राहिलेल्या एकछत्री संकटकेंद्राचा नमुना समोर होता, तरी मुंबईत केलेली रचना स्वतंत्र होती. केईएम, नायर, शीव यांसारखी वैद्यकीय महाविद्यालयांची मोठी रुग्णालये बाजूला ठेवून उपनगरी रुग्णालय निवडले गेले, कारण वस्तीतील बाई आधी तेथेच येते. केंद्र कोणत्याही स्वयंसेवी संस्थेच्या पाटीखाली न ठेवता रुग्णालयाचा विभाग म्हणून नोंदवले गेले. त्यामुळे डोळ्यांच्या किंवा दातांच्या विभागात जावे तसे केसपेपर काढून, कोणाला काही न सांगता, बाईला तेथे जाता येई. घरी परतणे धोक्याचे असेल, तर तिला वॉर्डात ‘निरीक्षणाखाली’ दाखल करून घेण्याची सोय होती, आणि हा शब्द कागदावर असल्याने सासरच्यांना त्यावर बोट ठेवता येत नसे. महापालिकेच्या उपनगरी रुग्णालयांत जबाबदारीच्या पदावर असलेल्या डॉ. सीमा मलिक आणि ‘सेहत’च्या पद्मा भाटे-देवस्थळी यांची नावे या उभारणीशी निगडित आहेत, ‘सेहत’कडून पुढे संगीता रेगे यांनी या कामाची धुरा वाहिली. रुग्णालयातीलच डॉक्टर आणि परिचारिका यांच्यातून प्रशिक्षक घडवायचे, आणि त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना, आयांना, वॉर्डबॉयना शिकवायचे, ही त्यांनी घालून दिलेली पद्धत अतिशय शहाणपणाची होती. बाहेरून आलेल्या कार्यकर्त्याचे व्याख्यान मान डोलवून ऐकले जाते आणि विसरले जाते. शेजारच्या वॉर्डातील सिस्टरने सांगितलेले टिकते. २००५ च्या सुमारास कुर्ल्याच्या भाभा रुग्णालयात दुसरे केंद्र निघाले, आणि पुढे केंद्रे चालवण्याची जबाबदारी महापालिकेने स्वतःकडे घेतली.

२००८ मध्ये वांद्र्याचे भाभा रुग्णालय, घाटकोपरचे राजावाडी रुग्णालय आणि ओशिवरा प्रसूतिगृह या तीन ठिकाणी लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांसाठी सर्वंकष आरोग्यसेवेचा उपक्रम सुरू झाला. सर्वंकष या शब्दात चार गोष्टी अभिप्रेत होत्या : व्यक्तीची समजून-उमजून दिलेली संमती, संपूर्ण उपचार, आवश्यक तेवढाच पुरावा, आणि मानसिक आधार. त्यांचा क्रमही महत्त्वाचा होता. पोलिसांत तक्रार झालेली असो वा नसो, रुग्णालयात आलेल्या व्यक्तीवर उपचार व्हायलाच हवेत. आणि संमतीही एकच घाऊक न घेता उपचारासाठी, तपासणीसाठी, नमुने घेण्यासाठी आणि पोलिसांना कळवण्यासाठी स्वतंत्रपणे घ्यायला हवी, असे ठरले. मुलीने तपासणीतील एखाद्या भागाला नकार दिला तर तो नोंदवायचा, मात्र त्यासाठी उपचार अडवायचे नाहीत.

नव्या नमुन्याने डॉक्टरची पुष्कळ कामे कमी केली, तर काही वाढवली. बांधा, उंची, ‘सरावलेली’ असे शेरे गेले. त्यांच्या जागी आले ते घटनेचे सविस्तर वर्णन, घटनेनंतर मुलीने अंघोळ केली का, कपडे बदलले का, लघवी केली का, किती तास उलटले याची नोंद, आणि या सर्वांच्या आधारे इजा किंवा वीर्य न आढळण्याची कारणे. हा शेवटचा भाग वरवर किरकोळ दिसतो, पण न्यायालयाच्या दृष्टीने तोच सर्वांत मोलाचा ठरतो. चार दिवसांनंतर आलेल्या, धमकीने गप्प केलेल्या किंवा ओळखीच्या माणसाने फसवलेल्या मुलीच्या अंगावर खूण नसणे हे स्वाभाविक आहे, आणि ते स्वाभाविक का आहे हे डॉक्टरने लिहिले नाही, तर बचावाचा वकील त्याचा अर्थ आपल्या सोयीने लावतो. शरीरावरील नमुने साधारण ९६ तासांपर्यंत उपयोगी पडू शकतात, त्यानंतर ते घेण्यात अर्थ नसतो. पण मुदत उलटली म्हणून उपचार नाकारता येत नाहीत; काही औषधांना मात्र वेळेचे बंधन असते. एचआयव्हीचा संसर्ग रोखणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात, तातडीची गर्भनिरोधक गोळी जितकी लवकर तितकी परिणामकारक ठरते, आणि बहुतेक मुली मुळात उशिरा पोचतात. म्हणून रांगेत ताटकळत न ठेवणे हाच उपचाराचा पहिला भाग होता.

मुलांच्या बाबतीत या पद्धतीला जे वळण मिळाले, ते या इतिहासातील सर्वांत विचार करण्याजोगे प्रकरण आहे. बारा वर्षांवरील मूल स्वतः तपासणीला संमती देऊ शकते, त्याखालील मुलासाठी पालकाची संमती लागते. पण कायदेशीर संमती पालकाने दिली तरी मुलाला विचारायचेच, ते नाही म्हणाले तर थांबायचे, अशी दृष्टी येथे आहे. लहान मुलीची आतील तपासणी जवळपास कधीच करावी लागत नाही; बाहेरून पाहणे पुरते, आणि तेही आईच्या मांडीवर बसवून होऊ शकते. बाहुली किंवा चित्र यांचा वापर मुलाला आपल्या शब्दांत सांगता यावे म्हणून करायचा, त्यातून उत्तर काढून घेण्यासाठी नव्हे. ‘त्याने इथे हात लावला ना?’ असा प्रश्न विचारणारा माणूस मुलाच्या तोंडी आपले वाक्य घालतो आणि पुढे साक्षीतही ते वाक्य मुलाच्या अंगाशी येते; म्हणून ‘मग काय झालं?’ एवढाच प्रश्न शिकवला जातो. घटनेचे वर्णन मुलाला एकदाच, एकाच डॉक्टरला सांगावे लागावे, आणि परिचारिका, समुपदेशक, वरिष्ठ अशा प्रत्येकाने ते पुन्हा ऐकायचा हट्ट धरू नये, यावर प्रशिक्षणात भर दिला जातो.

मानसिक आधाराविषयी सामान्य समज असा असतो की समुपदेशक गोड बोलून धीर देतात. प्रत्यक्षात हे काम बरेचसे माहिती देण्याचे असते. अत्याचारानंतर झोप न येणे, अंथरूण ओले होणे, आईला चिकटून राहणे, अंगावर कोणी आले की दचकणे, शाळेत लक्ष न लागणे, चिडचिड किंवा उलट एकदम मुकाट होणे, या सर्व गोष्टी वेडेपणाची लक्षणे नसून धक्क्याला शरीर-मनाने दिलेला प्रतिसाद असतात आणि बहुतांश मुलांत योग्य आधार मिळाल्यास त्या ओसरतात, हे मुलीला आणि तिच्या आईला समजावणे हाच मोठा उपचार ठरतो. समुपदेशनाच्या परिभाषेत याला मानसिक प्रथमोपचार म्हणतात : ऐकणे, विश्वास ठेवणे, सुरक्षिततेची आखणी करणे आणि पुढच्या पायरीची माहिती देणे. ‘तुझी चूक नव्हती’ हे वाक्य त्यात येते, पण ते एकदा म्हणून भागत नाही, कारण घरी, शेजारात आणि कधी पोलीस ठाण्यात त्याच्या उलट वाक्य अनेकदा म्हटले जाते.

म्हणून पालकांशी होणारे काम मुलीशी होणाऱ्या कामाइतकेच मोठे झाले. अत्याचार करणारा बहुतेक वेळा ओळखीचा असतो : शेजारी, नातेवाईक, शिकवणी घेणारा, कधी घरातलाच. तो घरातला असेल तेव्हा आईसमोर जो पेच उभा राहतो, तो नैतिक उपदेशाने सुटत नाही. नवरा तुरुंगात गेला तर भाडे कोण भरणार, सासूने घराबाहेर काढले तर धाकट्या मुलांचे काय, या प्रश्नांची उत्तरे शोधल्याशिवाय ‘मुलीच्या पाठीशी उभ्या राहा’ असे सांगणे निरर्थक होते. कौटुंबिक हिंसेवर काम करता करता ‘दिलासा’ जे शिकले होते, ते येथे उपयोगी पडले, आणि दोन्ही कामे एकाच छताखाली ठेवण्याचा निर्णय किती योग्य होता हे दिसले. दुसऱ्या टोकाला अतिकाळजीने बंदिस्त करणारे पालक असतात. मुलीला शाळेतून काढणे, गावी पाठवणे, घाईने लग्न उरकणे हे उपाय त्यांना संरक्षणाचे वाटतात, तर मुलीला ती दुसरी शिक्षा वाटते. शाळेत परत जाणे, मैत्रिणींत पुन्हा मिसळणे, हरवलेली दिनचर्या परत मिळणे यांचा बरे होण्यात वाटा किती, हे समुपदेशक पालकांना वारंवार सांगतात. एखादी मुलगी खटल्याचा निकाल लागण्याच्या कितीतरी आधी सावरते, आणि एखादीचा निकाल तिच्या बाजूने लागूनही ती सावरत नाही. या दोन गोष्टी परस्परांवर पूर्णपणे अवलंबून नाहीत ही जाण या कामातून आली.

२०१० मध्ये या अनुभवाला न्यायालयीन व्यासपीठ मिळाले. सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय विज्ञान संस्थेतील न्यायवैद्यकतज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी अत्याचाराच्या प्रकरणांतील तपासणीच्या दारुण अवस्थेवर अहवाल लिहिला, आणि त्याच वर्षी डॉ. रंजना पारधी यांनी नागपूर खंडपीठात जनहित याचिका दाखल केली. ‘सेहत’ने त्या याचिकेत हस्तक्षेप करून पुराव्यापेक्षा उपचाराचे स्थान वर असावे असा आग्रह धरला. हा वाद केवळ नमुन्याच्या रकान्यांचा नव्हता. न्यायवैद्यकशास्त्राच्या बाजूने पाहणाऱ्यांना काटेकोर तपासणी हवी होती, तर आरोग्यहक्काच्या बाजूने पाहणाऱ्यांना ती तपासणी कोणासाठी केली जात आहे हा प्रश्न आधी हवा होता. विदर्भातून निघालेला प्रश्न जवळजवळ चार दशकांनी विदर्भातीलच न्यायालयात पुन्हा उभा राहिला, हा योगायोग इतिहास लिहिणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही.

डिसेंबर २०१२ मधील दिल्लीतील सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने २३ जानेवारी २०१३ रोजी अहवाल दिला, त्यात दोन बोटांच्या चाचणीचा निषेध होता. त्याच वर्षीच्या फौजदारी कायदा दुरुस्तीने सरकारी वा खासगी प्रत्येक रुग्णालयावर अत्याचारग्रस्त व्यक्तीला तत्काळ आणि मोफत उपचार देण्याचे बंधन घातले, आणि ते न पाळणे हा गुन्हा ठरवला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितांतही या तरतुदी कायम आहेत. मार्च २०१४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत मुंबईच्या तीन रुग्णालयांत घडलेल्या पद्धतीचा ठसा स्पष्ट दिसतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये झारखंडच्या एका खटल्यात दोन बोटांची चाचणी करणाऱ्याला गैरवर्तनाबद्दल दोषी धरले जाईल असे बजावले आणि अभ्यासक्रमातून ती काढण्याचे निर्देश दिले. त्याआधी आठ वर्षे केंद्र सरकारने आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत नाकारलेली गोष्ट पुन्हा न्यायालयाला सांगावी लागली, यावरून कागदावरील बदल अपघात विभागापर्यंत पोचायला किती वेळ लागतो याची कल्पना येते.

१४ नोव्हेंबर २०१२ रोजी अमलात आलेल्या बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियमाने, म्हणजे प्रचलित भाषेत ‘पॉक्सो’ने, अल्पवयीनांच्या बाबतीत बरीच शिस्त आणली. मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरने करावी, विश्वासातील माणूस जवळ असावा, जबाब घेणाऱ्या अधिकाऱ्याने गणवेश घालू नये, साक्षीच्या वेळी मूल आरोपीच्या नजरेस पडू नये, त्याला वारंवार न्यायालयात बोलावू नये, अशा तरतुदी त्यात आहेत, आणि हा कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. पण त्याच कायद्याने एक नवा पेचही निर्माण केला. अठरा वर्षांखालील कोणाशीही झालेला शरीरसंबंध अपराध ठरला, आणि त्याची माहिती मिळताच पोलिसांना कळवणे डॉक्टर, समुपदेशक, शिक्षक सर्वांवर बंधनकारक झाले. परिणामी सतरा वर्षांची मुलगी आपल्या मर्जीच्या संबंधातून गरोदर राहून गर्भपातासाठी आली, तरी तिच्या पाठोपाठ पोलीस येतात, या भीतीने ती रुग्णालय टाळून धोकादायक मार्ग शोधते. ‘सेहत’ने माहिती देण्याच्या सक्तीविषयी सातत्याने शंका उपस्थित केली आहे आणि ती प्रस्तुत लेखकालाही रास्त वाटते; मात्र घरातच अत्याचार सोसणाऱ्या लहान मुलासाठी हीच सक्ती अनेकदा एकमेव सुटका ठरते, हे दुर्लक्षून चालणार नाही. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मधला मार्ग काढला : गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीची आणि पालकांची विनंती असल्यास, पोलिसांना माहिती देताना डॉक्टरने तिचे नाव व ओळख देण्याची गरज नाही. २०२१ च्या दुरुस्तीने अत्याचारग्रस्त आणि अल्पवयीन मुलींसाठी गर्भपाताची मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढली आहे. परंतु ज्या मुलीला आपण गरोदर आहोत हेच सहाव्या महिन्यात कळते, तिला आजही उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते, आणि अशा वेळी समुपदेशक, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि वकील यांची एकत्र धावपळ ही नित्याची बाब होऊन बसते.

पुनर्वसनाच्या आर्थिक आणि न्यायालयीन बाजूंचा उल्लेख थोडक्यात करावा लागेल. महाराष्ट्र शासनाने २ ऑक्टोबर २०१३ पासून अत्याचारग्रस्तांना आर्थिक मदत देणारी ‘मनोधैर्य’ योजना सुरू केली, २०१७ च्या अखेरीस तिच्यातील मदतीची कमाल मर्यादा दहा लाख रुपयांवर नेली आणि अंमलबजावणी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे सोपवली. २०२० च्या पॉक्सो नियमांनी साहाय्यक व्यक्तीची, म्हणजे तपासापासून खटल्याच्या शेवटापर्यंत मुलासोबत राहून त्याला प्रक्रिया समजावणाऱ्या माणसाची, तरतूद तपशीलवार केली. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये ही मदत देणे राज्यांवर बंधनकारक मानले. रुग्णालयातील समुपदेशक दोन-चार महिने सोबत असते, खटला वर्षानुवर्षे चालतो. ही मधली दरी भरण्याचे काम साहाय्यक व्यक्तीकडून अपेक्षित आहे.

राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाच्या निधीतून २०१४ नंतर ‘दिलासा’ केंद्रे मुंबईतील अकरा रुग्णालयांत पसरली. केरळमध्ये ‘भूमिका’, हरियाणात ‘सुकून’ अशी रुग्णालयाधारित केंद्रेही चालू झाली. विस्ताराबरोबर त्याचे दोषही आले. अभियानातील पदे कंत्राटी असतात, आणि जे काम विश्वासावर चालते त्यात माणूस वरचेवर बदलणे परवडत नाही. डॉक्टरांच्या बदल्या होत असल्याने प्रशिक्षण पुन्हा पुन्हा द्यावे लागते. महिलांसाठी योजलेल्या केंद्राच्या दारात अत्याचार झालेला मुलगा आणि त्याचा बाप सहसा येत नाहीत. ते बालरोग विभागात किंवा शस्त्रक्रिया विभागात दुसऱ्याच कारणाने येतात आणि तेथे कोणी विचारले नाही तर तसेच परततात. ऐकू न येणाऱ्या किंवा बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलींसाठी विशेष शिक्षक आणि दुभाषी मिळवणे हे अजूनही त्या त्या रुग्णालयाच्या ओळखीपाळखीवर ठरते. त्यामुळे बालरोग, अस्थिरोग आणि शस्त्रक्रिया विभागांतील निवासी डॉक्टरांना या प्रशिक्षणात आणणे, आणि ते प्रत्येक नव्या तुकडीसाठी नेमाने होईल अशी व्यवस्था बसवणे, हे काम केंद्रांपुढे सध्या उभे आहे.